फोटोवरचं पांघरूण

श्रावणातला शेवटचा सोमवार, दादाचा तेरावा. हजर: आई, नलूवहिनी, मी, गल्लीतली चार माणसं आणि पाटावर भिंतीला टेकवून ठेवलेला दादा. कामांची वाटणी मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती, त्यामुळे कशाची धावपळ झाली नाही. हार घातला, उदबत्ती लावली. मग आईने गंधाच्या वाटीत बोट बुडवलं आणि फोटोच्या कपाळाकडे नेलं, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"थांब आई. याच्यावर अजून काही मारलेलं नाही. शाई फिसकटेल."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"म्हंजे? लेकरू उघडंच ठेवलं का गं तुमी?"

माझा थोरला भाऊ सुधाकर हिंगोलीत फोटोग्राफर होता. लग्नं, बारशी सगळं करून झालं होतं. शेवटची काही वर्षं मात्र तो गेलेल्या माणसांचे फोटोच करायचा. काळे-पांढरे, जाड सुती कागदावर घरच्याच शाईच्या प्रिंटरवर छापलेले, आणि बिनकाचेचे. काच का नको, याला कारण आईच. आमचे वडील गेले तेव्हा त्यांचा काचेच्या चौकटीतला फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. काही दिवसांनी आई म्हणाली, "ह्यांच्याकडं बघायला जावं, तर माझंच तोंड दिसून राहिलं." दादाने तेव्हाच्या तेव्हा काच काढून टाकली. दुसऱ्या सकाळी आईने रोजच्यासारखं गंध लावलं. ओलं बोट टेकलं आणि कपाळावरची शाई भुवईपर्यंत ओघळली. आई आपल्या काळ्या बोटाकडे बघत उभी राहिली... "तुझं काही चुकलं नाही," दादा तिला म्हणाला, "फोटो कच्चा आहे."

फोटो पक्का कसा करायचा, हे शोधण्यात त्याची दोन-तीन वर्षं गेली. ब्रशने लावायचं वॉर्निश आणलं, तर कागदावर केसासारख्या रेघा उठल्या. चकचकीत थर दिला, तर काच काढून काचच बसवल्यासारखं झालं. शेवटी फवाऱ्याच्या डब्यातलं मॅट, म्हणजे बिनचमकीचं वॉर्निश त्याला मानवलं. छापलेला फोटो एक दिवस तसाच वाळू द्यायचा. जिन्यावरच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवायची, फरशी सुकली की फळीवर फोटो उभा करायचा आणि डबा खुळखुळवून हलका फवारा मारायचा, आडवा. तो वाळला की उभा. मग पुन्हा आडवा. जवळून मारलं की ओघळ येतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लांबून मारलं, तर थेंब हवेतच सुकतात आणि कागदावर भुकटी पडते. पावसाळ्यात तर डबा हातातच घ्यायचा नाही. दमट हवेत थर दुधाळ होतो आणि माणूस धुक्यात गेल्यासारखा दिसतो. नीट जमलं, की मात्र फिकट वाटणारा काळा रंग असा उघडायचा, जसं काळ्या रानावर कुणी पाणी शिंपडलंय.

आई या सगळ्याला पांघरूण घालणं म्हणायची. वरून डब्यातल्या गोळीचा खुळखुळ आवाज आला, की खालून तिची हाक ठरलेली, "सुधा, झालं का रे घालून पांघरूण? जेवायला ये." आणि दादा वरून ओरडायचा, "एकच राहिलंय, आई!" ते एक कधीच संपायचं नाही. वहिनी ताट झाकून ठेवायची.

पुसेगावहून एक बाई नवऱ्याचा फोटो न्यायला आल्या होत्या, त्या दिवशी मीही तिथे होते. बाईंनी घाबरत विचारलं, "ह्याला कुंकू लावलं तर चालंल का?" दादाने तिथेच बोटाने कुंकू लावलं, ओल्या फडक्याने अलगद पुसलं आणि म्हणाला, "बघा, मालकाचं तोंडही धुता येतं." बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "जिता व्हता तवा एकदा धुऊ दिलं न्हाई मला!" आणि हसता हसता तिथेच खाली बसल्या. फोटो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ गालावरून हात फिरवत होत्या. दादा मला हळूच म्हणाला, "यादीबाई, लिहून ठेव. फोटो बघायला नसतो, हात लावायला असतो." यादीबाई हे माझं त्याने ठेवलेलं नाव. भाजीपासून गॅसच्या नंबरापर्यंत मी सगळ्याच्या याद्या करते म्हणून.

त्याचा स्वतःचा फोटो वहिनीने काढलेला. सिद्धेश्वर धरणावर, वाऱ्याने केस उडालेले, कुणावर तरी हसतोय. नवा कागद तपासायला म्हणून त्याने तो छापला आणि खणात टाकला. मी म्हटलं होतं, याला थर नाही दिलास? "माझ्यावर कशाला वाया घालू? मी काय भिंतीवर जाऊन बसतो का लगेच?"... पाऊस सुरू झाला आणि श्रावणात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. त्याने स्वतः छापलेला त्याचा हा एकच फोटो आहे.

तेराव्यानंतर आई रोज विचारायची, "पाऊस गेला का गं?" मी म्हणायचे, अजून हवेत ओल आहे, दसरा होऊ दे. ती फोटोसमोर हात मागे बांधून बसायची.

दसऱ्यानंतर एकदा ऑफिसातून आले, तर आई फोटोपाशीच होती, उजवा हात पदराखाली. फोटोच्या कपाळावर अंगठ्याएवढा फिसकटलेला डाग होता. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "गंध न्हाई लावलं मी. भांडी घासून आले, हात पुसायचं ध्यानात न्हाई राह्यलं. नुसता कपाळाला हात लावून बघितला... ताप असला की तो सांगायचा न्हाई ना."

मी तिचा हात पदराखालून काढून धुतला. शाई नखात राहिलीच.

वहिनी म्हणाली, मशीन आहे, फाइल आहे, नवीन काढू. मी नको म्हटलं. आईच्या बोटाचा ठसा पुसून टाकण्यापेक्षा आहे त्यावरच थर द्यावा. निदान पुढे तिला हवा तेवढा हात लावता येईल. परवा रविवारी हवा कोरडी होती. जिन्यावरच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडलं, ती सुकू दिली. फळीवर दादाला उभं केलं, नाकाला रुमाल बांधला आणि डबा खुळखुळवला.

खालून आईची हाक आली, "सुधा, झालं का रे?"

मग खाली एकदम सगळं शांत झालं. भांड्याचासुद्धा आवाज नाही. मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले. एकच राहिलंय, आई, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, ते मला जमलं नाही. फोटो घेऊन खाली आले.

या आठवड्याच्या यादीतली बाकीची कामं झाली. दादाच्या फोटोला पांघरूण घालायचं राहिलं आहे.