पडद्यावरच्या मासेवालीचा प्रश्न

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अमावस्या, उतारा, अंगात येणं... असलं कोणी सुरू केलं की मी सरळ उठून जाते. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते भर दुपारी, सुकापूरच्या आमच्या टू बीएचकेमध्ये आणि मी पूर्ण शुद्धीत असताना घडलं.

मी पनवेलच्या एका कॉलेजात सिनेमा शिकवते. त्या रविवारी लेक्चरची तयारी चालली होती. विषय होता सत्तरेक वर्षांपूर्वीचा एक मेक्सिकन गुन्हेपट, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात बोलायला कोणाला मिळतं आणि नुसतं दिसतं कोण, यावर मी बोलणार होते. गोऱ्यागोमट्या नायिकेला पानंच्या पानं संवाद. बंगल्यात खून होतो, इन्स्पेक्टर सगळ्या गल्लीची जबानी घेतो. आणि बंगल्याच्या दारातच एक मासेवाली बसलेली असते — तिथल्या मूळ समाजातली, सावळी, दोन वेण्यांची. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिने पाहिलाय, पण तिला कोणी काही विचारतच नाही. अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. मला त्याचा जाम राग येत होता.

शेजारी सोफ्यावर माझी आत्या बसली होती. आम्ही कोळी, उरणकडचे. आत्याने आयुष्यभर बाजारात मासे विकले, बोलण्यात भल्याभल्यांना गार करणारी बाई. पण आतोबा वारले आणि महिन्याभरात तिचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे. आम्हाला वाटलं, दुःखाने झालं असेल. मी तिला आमच्याकडे घेऊन आले. गप्पा मारून पाहिल्या, रागावले, रडलेसुद्धा... ती हूं की चूं करेना. तिचा आवाज आता कधीच ऐकायला मिळणार नाही, याची मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

मासेवालीच्या चेहऱ्यावर मी सिनेमा थांबवला आणि मुद्दे लिहायला घेतले. लॅपटॉप म्यूटवर होता, तोवर मी नुसती सबटायटल्स वाचतच सिनेमा बघत होते. तेवढ्यात खोलीत एका बाईचा आवाज आला. शांत, जरा घोगरा, थेट आमच्या कोळीवाड्याच्या बोलीत.

"तुला कोनी इचारला का गो?"

मी आत्याकडे वळले. ती स्क्रीनकडे बघत होती, ओठ मिटलेले. मग ते हलले.

"नाय," आत्या म्हणाली. "माज्या दिरान होरी इकली. मना नाय इचारला."

आतोबांची होडी दिराने विकली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खर्च बराच झाला होता, त्याने निस्तरलं, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता. मी आत्याला मिठी मारली आणि ढसाढसा रडले.

एवढ्यात स्वयंपाकघरातून नवरा आला आणि कोण आलंय म्हणून विचारायला लागला. त्याने दोन बायका बोलताना ऐकल्या होत्या, आणि त्यातली एकही मी नव्हते. दुसरी कुठे गेली म्हणून तो बाल्कनीतसुद्धा बघून आला.

तो सीन मी नंतर कितीदा तरी पाहिला, हेडफोन लावून. ती बाई तोंड उघडत नाही. शेजारचे फ्लॅट रिकामेच आहेत. मनाचे खेळ म्हणाल, तर नवऱ्याला कसं ऐकू आलं? मी अजूनही भुतं मानत नाही. पण तो आवाज मी ऐकला, आणि तो कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आत्याचा दीर आला. आतोबांचं गावातलं घर बिल्डरला द्यायचं म्हणत होता. सोफ्यावर बसून माझ्या नवऱ्याला सगळं समजावून सांगत होता. आत्या चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"त्याला काय सांगतंस?" ती म्हणाली. "घर माजा हाय. मना इचार."