मास्तरांच्या पाठीवरच्या पट्ट्या

बॅगवाली सिस्टर जिना चढताना दिसली की शेजारीपाजारी आपसूक हळू बोलू लागतात. आता बरी न होणारी माणसं जिथे असतात तिथेच ती जाते, हे सगळ्यांना ठाऊक. अकरा वर्षं दवाखान्यात काढली, पुढची अकरा अशा घरांमध्ये. "रोग माझ्या हातात नाही बाई, दुखणं आहे," असं ती म्हणते. औषधाच्या बाबतीत तर तिचा स्वतःवरही भरवसा नाही. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय झाकण उघडायची नाही.

त्या दुपारी मास्तरांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. जन्मभर शिलाई मशीन चालवलेले मास्तर एरवी ती दारात दिसताच टोमणा मारायचे. आज ते कण्हतही नव्हते.

"सकाळपासून हूं नाही की चूं नाही," मास्तरांची बायको, काकू, खुशीत म्हणाल्या. "कित्ती दिवसांनी झोपलेत! तुमची पट्टी म्हणजे लाखमोलाची हो."

सिस्टरने मास्तरांच्या छातीवर हात ठेवून घड्याळ बघितलं. मिनिटाला सातच श्वास, नेहमीच्या निम्मे. पापणी उचलली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"मास्तर! डोळे उघडा! मास्तर!"

"अहो, झोपू द्या ना बिचाऱ्यांना."

"ही झोप नाही काकू. जास्तीचं काही दिलंत? गोळी, सिरप?"

"शप्पथ नाही. पट्टी तेवढी लावली, तिसरा दिवस होता म्हणून."

दंडावर पट्टी होती खरी. पोस्टाच्या तिकिटाएवढी, कातडीतून दुखणं मारणारं, गुंगीचं औषध अंगात उतरवणारी. डोस सिस्टरनेच मागे लागून डॉक्टरांकडून वाढवून घेतला होता. तिने मास्तरांना कुशीवर वळवलं, बनियन वर सारलं. पाठीवर आणखी दोन पट्ट्या.

"ह्या काढल्या नाहीत?"

"काढायच्या असतात?" काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "कातडीचा नुसता कागद झालाय. ओढली तर सोलूनच निघेल! तुम्ही म्हणालात लावा, मी लावली. काढा असं कुठे म्हणालात?"

भिंतीवर सिस्टरच्याच अक्षरातला कागद होता. दर तिसऱ्या दिवशी एक पट्टी, जागा बदलून. खाली तारखा. काढायचं कुठेच नव्हतं.

हातमोजे चढवून, ओल्या कापसाने कडा भिजवत तिने तिन्ही पट्ट्या सोडवल्या आणि खांद्याने फोन कानाशी दाबला.

"मी उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन निघालोच," डॉक्टर म्हणाले. "तू हाका मारत राहा. आणि पट्ट्या निघाल्या म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कातडीखाली साठलेलं अजून उतरत राहणार."

आठ. पुन्हा सात. काकू मास्तरांचे तळवे चोळत होत्या. "मीच मारलं का हो यांना?"

"नाही काकू. चुकले मी. मास्तर, ऐकताय ना? श्वास घ्या!"

सहा.

डॉक्टर धापा टाकत आले. त्यांनी थोडं थोडं करून इंजेक्शन दिलं. तिघांच्याही नजरा मास्तरांच्या छातीवर खिळल्या. आठ. दहा. मग डोळे किलकिले झाले.

"सिस्टर... छातीचं माप घेताय? पूर्वी अडतीस होती." आणि लगेच चेहरा पिळवटला. "आई गं... कंबर!"

त्या कण्हण्याने सिस्टरचा जीव भांड्यात पडला, आणि तसा पडला याची तिला लाजही वाटली.

"दुखतंय त्यांना! लावा ना एखादी," काकू कळवळल्या.

"आत्ता नाही," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनचा असर आधी ओसरेल, पट्ट्यांचा राहील. पुन्हा गुंगी येऊ शकते. पण हे झालं कसं?"

काकूंनी मान खाली घातली.

"जुनी काढा, हे मी सांगितलंच नव्हतं," सिस्टर म्हणाली. "लिहिलंही नव्हतं."

डॉक्टरांनी भिंतीवरचा कागद वाचला. "बरं. तू जा आता, दुसरीला बसवतो."

"नको. मीच बसते."

मास्तरांनी तिचं मनगट धरलं. "द्या ना हो काहीतरी."

"देते मास्तर. थोडं थांबा," ती म्हणाली आणि दुसरा हात त्यांच्या छातीवर ठेवून पुन्हा मोजू लागली.