डोक्याला टोचू नकोस

आधीच सांगते, मला भुताखेतांची हौस नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचते ते जेवताना मोबाईल हातात असतो म्हणून. मी मायक्रोबायोलॉजीवाली बाई, अर्धं आयुष्य बुरशी वाढवण्यात आणि मारण्यात गेलं. अंगात येणं, नजर लागणं, नवस फेडणं... आमच्या घरात या सगळ्याला सगळ्यात जास्त हसलेली मीच. तरी लिहिते आहे, कारण घरात सांगता येत नाही आणि गप्प राहायचाही आता कंटाळा आलाय.

आमची लॅब वागळे इस्टेटमध्ये. नाव नको. बुरशीवरची नवी औषधं माणसांना द्यायच्या आधी कशावर तरी तपासावी लागतात. उंदरांसाठी परवानग्यांची कटकट फार, म्हणून सुरुवातीला आम्ही अळ्या वापरतो. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारा एक पतंग असतो, त्याच्या या अळ्या. बोटाच्या पेराएवढ्या, सायीच्या रंगाच्या. माणसाच्या अंगाइतक्या उबेत मजेत राहतात, म्हणून आमच्या कामाच्या. बारीक सुईने मागच्या पायातून बुरशी टोचायची, मग काहींना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. रोज उघडून बघायचं. मरायला टेकली की अळी काळी पडत जाते. शंका असेल तर चिमट्याने डोक्याला हलकेच टोचायचं – हलली तर जिवंत. प्रयोग संपला की जिवंत, मेलेल्या, सगळ्या फ्रीजरमध्ये.

घरी मी एवढंच सांगितलेलं की औषधं तपासते. आई मुंग्यांना साखर घालणारी बाई, तिला कशाला अळ्यांचं सांगा? मी डोंबिवलीला राहते, आई नौपाड्यात दादाकडे होती.

गेल्या वर्षी तिला तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आधी लघवीचं इन्फेक्शन, त्यातून पुढे रक्तात बुरशी. डॉक्टरांनी बुरशीचं नाव सांगितलं. रोज हातमोजे घालून मी वाढवते, तीच. नेहमीचं औषध लागू पडेना. दुसरं दिलं तर किडन्या दमल्या. डॉक्टर म्हणाले, "बघू या." हे बघू या म्हणजे काय, ते मला चांगलंच कळत होतं.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये बिनऔषधाची डिश उघडली. या डिशमधल्या अळ्या मरतातच, मरायलाच हव्यात, नाहीतर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? सगळ्या काळ्या पडलेल्या. एक सोडून. कडेला पाठीवर पडलेली, अंगावर काळे ठिपके, पण टोचलं की हलायची.

"सुई चुकली असेल, मॅम," माझी ज्युनियर रेश्मा म्हणाली. "फ्रीजरला टाकू ना?"

"राहू दे."

का राहू दे? तर ही बिनऔषधाची जगली तर आईही जगेल, असं मी मनात धरलं म्हणून. हो, मीच, नवसाला हसणारी. दमलेल्या माणसाचं डोकं कुठे जाईल सांगता येत नाही. ती अळी वेगळ्या डिशमध्ये ठेवली आणि येता-जाता टोचत राहिले. सकाळी आल्यावर, डबा खायच्या आधी, निघताना. हलली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग रिक्षा पकडून हॉस्पिटल.

अशाच एका संध्याकाळी आईने डोळे उघडले.

"वैशू, सारखं काय टोचतेस ग?"

"सलाईनची सुई आहे ती, आई."

"सुई हाताला आहे, कळतं मला. तू डोक्याला टोचतेस. जरा डोळा लागला की परत येतेस."

दादा शेजारी बसलेला. म्हणाला, "सकाळपासून हेच चाललंय तिचं. डोक्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही ग."

मी स्वतःची समजूत घातली. वय, ताप, रक्तातलं इन्फेक्शन... अशात भ्रम होतोच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटायचं म्हणून मी लॅबमधून लवकर निघाले. सकाळी आल्या आल्या टोचलं होतं, तेवढंच. हॉस्पिटलमध्ये पोचले, पर्स खुर्चीवर ठेवली, तर आई म्हणाली, "आज एकदाच."

"काय एकदाच, आई?"

"किती वेळा बघशील? आहे मी अजून. पण दमले ग वैशू. मला हलायला लावू नकोस."

रागावली असती तर चाललं असतं. ती समजुतीने बोलत होती, लहानपणी मला ताप असला की बोलायची तशी. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. दादाला काय सांगणार होते? त्याला अजून अळ्याच माहीत नाहीत.

सकाळी इन्क्युबेटर उघडला. ती तशीच होती, पाठीवर. चिमटा हातात घेतला. टोचल्याशिवाय ती आहे की गेली हे कळायला दुसरा मार्ग नाही, आणि मला ते कळायला हवं होतं. फार हवं होतं. चिमटा ठेवला आणि झाकण लावलं. त्यानंतर ती डिश मी उघडली नाही.

त्या संध्याकाळी आई गाढ झोपलेली. दादा म्हणाला, दिवसभर अशीच आहे, एकदाही कण्हली नाही. पेज भरवायला उठवलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही टोचलंस."

"नाही."

"बरं केलंस. केस विंचर जरा, गुंता झालाय."

"डोक्याला हात लावलेला चालेल?"

"हाताचं काही नाही ग."

केस ते केवढेसे राहिले होते. तरी मी बराच वेळ विंचरत बसले आणि ती डोळे मिटून पडून राहिली. नंतर बाहेर व्हरांड्यात दादा आणि मी बोललो, मग दोघं मिळून डॉक्टरांशी बोललो. आता नवीन नळी नको, नवीन सुई नको, तिला त्रास होणार नाही एवढंच बघा. हे सांगितलं मीच. मी रजा टाकली. आणि एका दुपारी आई झोपेतच गेली. माझा हात तिच्या डोक्यावर होता. ती अजिबात हलली नाही.

दिवसकार्य आटोपून लॅबला गेले. रेश्माने चहा आणून दिला, आई कशी गेली ते विचारलं, मग जरा बिचकत म्हणाली, "मॅम, तुमची ती वेगळी डिश होती ना, ती मी फ्रीजरला टाकली. जागा हवी होती. चाललं ना?"

कधी टाकलीस, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"चाललं," मी म्हटलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तो भ्रम होता असं कृपया कुणी समजावू नये, माझं स्वतःला ते बरेचदा समजावून झालंय. योगायोग म्हणायला माझी हरकत नाही, पण मग "आज एकदाच" याचं काय करायचं? काम चालूच आहे, अळ्या रोज टोचतेच, पोट आहे. रेश्मा माझ्या समोरच्याच टेबलावर बसते. तारीखवार तिच्या पक्के लक्षात असतात, ती डिश कधी टाकलीस विचारलं तर लगेच सांगेल. मी अजून विचारलेलं नाही.