श्रावणी सोमवारची मुलाखत

आमच्या ओतूरच्या कपर्दिकेश्वराशी मी आयुष्यात एकदाच कडाकडा भांडले, आणि त्या भांडणात हरले याचा मला अजून आनंद होतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी ओतूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते, मन मात्र वकिलीत अडकलेलं. बारावीनंतरच पुण्याला पाच वर्षांच्या लॉला जायचं होतं, पण वडील, म्हणजे आमचे आण्णा, म्हणाले होते, "आधी हितं पदवी घे, मग बगू." पदवीची परीक्षाही झाली आणि नेमका विद्यापीठाचा निकाल लांबला. निकालाशिवाय लॉला प्रवेश नाही, आणि वर्षभर घरी बसले तर लग्न ठरलेलंच. आण्णांनी साफ सांगितलं होतं, "यंदा जमलं तर जमलं. न्हाई तर पावण्यांना मी हो म्हननार. पोरीला किती दिस घरात बशीवनार?" माणूस वाईट नव्हता, गावाच्या तोंडाला भीत होता, इतकंच.

अशात पुण्याच्या एका लॉ कॉलेजातून कळलं, की ज्यांना बी.ए.च्या पहिल्या दोन वर्षांत चांगले गुण आहेत, त्यांची मुलाखत घेऊन तिथल्या प्राचार्यबाई निकालाआधीच तात्पुरता प्रवेश देणार आहेत. मुलाखती एकाच दिवशी. तो दिवस निघाला श्रावणी सोमवार.

श्रावणी सोमवार म्हणजे ओतूरला जत्रा. देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या करतात, त्या बघायला सगळी पंचक्रोशी लोटते. मी निर्धास्त होते, कारण जत्रेला एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात हे लहानपणापासून पाहिलेलं. पहाटे दर्शन घेऊन स्टँडवर गेले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जादा गाड्या होत्या, पण सगळ्या ओतूरकडे येणाऱ्या! पुण्याला जाणारी एकही गाडी गर्दीतून स्टँडवर पोचेना. खिडकीतले कंट्रोलर म्हणाले, "ताई, समदी दुनिया हिकडं येतीया, अन् तुमीच कुठं उलट्या चाललाय?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं तर नकटीला लग्न टाळायचं होतं, तरी विघ्नं होतीच.

मी चालत हमरस्त्यावर आले आणि तिथं उभ्या उभ्या देवाला खडसावलं. तुझे सोमवार कधी मोडले नाहीत, उपास चुकवले नाहीत, आणि तू तुझ्याच वारी माझी वाट अडवलीस? डोळ्यांतून पाणी आणि तोंडाचा पट्टा चालू. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. जुन्नरचे बांगडीवाले चाचा जत्रेत दुकान लावून देऊन पुण्याला आणखी माल आणायला निघाले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, चाची, बसलेल्या. "बेटी, रस्त्यात कुनाशी भांडतीयास?" चाचांनी विचारलं. मी म्हटलं, "देवाशी." चाची खळखळून हसल्या आणि सरकून मला जागा दिली.

नारायणगाव गेलं, मंचर गेलं, तरी माझं गाऱ्हाणं संपेना. शेवटी चाचा समोर बघतच म्हणाले, "झालं का बोलून? मग आता त्याला बी बोलू दे की."

खरंच, माझ्या प्रार्थनेत देवाला तोंड उघडायला मी कधी जागाच ठेवली नव्हती. पुढे चाकणला रस्ता तुंबला. एरवी मी देवाचा जीव खाल्ला असता, पण त्या वेळी मनाशी म्हटलं, पोचव किंवा नको पोचवू, मी आता भांडत नाही. काय सांगू, अंगावरून ओझं उतरावं तसं झालं.

कॉलेजात पोचले तेव्हा दुपार झाली होती. शिपाई म्हणाला, मुलाखती संपल्या, सर मंडळी जेवायला गेली, आता परत येणार नाहीत. दार मात्र अर्धवट उघडं होतं. आत प्राचार्यबाई एकट्याच कागद आवरत होत्या. उशीर का, असं त्यांनी विचारलं. मी एकही युक्तिवाद न करता सांगितलं, ओतूरहून आले, सोमवारची जत्रा आहे, गाडी मिळाली नाही.

त्या थांबल्या. म्हणाल्या, "मलाही सोमवार आहे आज. म्हणून जेवायला गेले नाही, नाही तर या खोलीला कुलूप असतं. बस."

ज्या सोमवारानं माझी वाट अडवली होती, त्यानंच दार उघडं धरलं होतं.

त्यांनी विचारलं, "इतिहासाची विद्यार्थिनी तू. कायद्यात सनावळ्यांचं काय करणार?" पाठ केलेलं भाषण मी गिळलं. मग आपोआप शब्द आले. "बाई, एकाच लढाईबद्दल दोन्हीकडच्यांनी लिहिलेलं वाचलं, की दोघेही आपणच जिंकलो म्हणतात. मग सांगणारा कोण, तो तिथं होता का, असं सांगून त्याचा फायदा काय, हे तपासायची सवय लागली. साक्षीदारालाही हेच विचारायचं असतं ना?" बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, "उद्यापासून वर्गात बस."

पुढे निकाल लागला, इतिहासात मी कॉलेजात पहिली आले. आण्णांनी स्वतः जाऊन पावण्यांना नकार कळवला. पुढच्या जत्रेत मी चाचांच्या दुकानात जाऊन हातभर बांगड्या भरल्या आणि दोघांच्या पाया पडले.

लोक याला योगायोग म्हणतील. म्हणू देत. उलटतपासणीत मीसुद्धा हा चमत्कार टिकू देणार नाही. पण मला इतकं कळलं, की धडपड आपण जिवाच्या आकांतानं करावी आणि हात टेकले की ते जोडावेत. जोडलेले हात रिकामे राहत नाहीत, हा माझा अनुभव आहे, आणि त्याबद्दल मी कपर्दिकेश्वराची जन्माची ऋणी आहे.

सनद मिळाल्यावर जुन्नरच्या कोर्टात मी पहिल्यांदा उभी राहणार होते, त्या दिवशी आण्णा धुतलेलं धोतर नेसून आले. दारात त्यांनी चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

शिपाई हसून म्हणाला, "बाबा, देऊळ न्हाई हे, कोर्ट हाय."

आण्णा म्हणाले, "ठावं हाय मला. आत माझी लेक हाय."