काय आजी, फरक?

शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर मी आहे हे कळलं की लोक माझ्याकडं जरा आदरानं बघायला लागतात. तो आदर मी फार वेळ टिकू देत नाही. माणसांवर नवीन औषधाची चाचणी करायची तर आधी या कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीत डॉक्टर नसलेलं एक तरी साधं माणूस असलंच पाहिजे असा नियम आहे. ती जागा माझी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. औषधातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि तीच माझी पात्रता. आमचे हे मला 'न कळणाऱ्यांची प्रतिनिधी' म्हणतात. म्हणू देत.

पहिल्याच बैठकीत हृदयाचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर यांच्यात एका गोळीवरून अशी जुंपली की चहा तसाच गार झाला. एकाला वाटत होतं, गोळीनं अंगातलं पाणी उतरतं, श्वास मोकळा होतो. दुसऱ्याचं म्हणणं, "तुमचा श्वास मोकळा होतो आणि माझ्या किडन्या बसतात, त्याचं काय?" घरी येऊन मी म्हटलं, "अहो, यांचंच एकमत नाही, मग आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" पुढं मात्र मला या भांडणांची गोडी लागली. भांडतायत म्हणजे अजून शोधतायत. ज्या डॉक्टरला कसलीच शंका येत नाही, त्याच्यापासून मी आता चार हात लांब राहते.

तर अशाच एका चाचणीत आमच्या वन्सं जाऊन बसल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. कन्नड तालुक्यात त्यांचं गाव. मालक गेले, मुली सासरी, पण वन्सं हलायला तयार नाहीत. सकाळी भाकरी बांधून शेळ्या घेऊन रानात जायचं आणि ऊन कलल्यावर यायचं, हा त्यांचा रिवाज. साखर जुनी. तिच्यापायी तळपायांची अशी आग व्हायची की बाई ओलं पोतं पायाखाली घेऊन निजायच्या. साखरेच्या डॉक्टरांकडं त्या आगीवर नव्या गोळीची चाचणी सुरू होती, त्यांनी वन्संना विचारलं आणि वन्सं हो म्हणाल्या. मी लगेच आमच्या अध्यक्षांना सांगितलं की पेशंट माझ्या नात्यातली आहे. ते म्हणाले, यावर काही ठरवायची वेळ आली तर तुम्ही बाहेर बसा.

काही जणांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, असं या चाचणीत असतं. मी वन्संना ते नीट समजावून सांगितलं. कुणाला कुठली, हे पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही.

"डाक्टरलाबी म्हाईत नाय?" वन्सं पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मंग बाई, आपलं बरंय की. आपण एकल्याच अडाणी नाय."

वन्सं मला बाई म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा चेष्टेनं म्हणायच्या, मास्तरीण म्हणून, आता सवयीनं.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्या एसटीनं यायच्या, सिडकोत आमच्याकडं मुक्काम करायच्या आणि सकाळी मी त्यांना रिक्षानं घेऊन जायची. डॉक्टर चांगला माणूस. दार उघडलं की हसून विचारायचा, "काय आजी, फरक?" आणि वन्सं तितक्याच हसून म्हणायच्या, "व्हय, लई फरक हाय." आपल्याकडं कुठल्याही दवाखान्यात जा, हेच. डॉक्टर 'फरक' म्हणून विचारतो आणि पेशंट 'फरक आहे' म्हणून सांगतो. फरक म्हणजे बरं वाटतंय. शाळेत मी फरक म्हणजे दोन गोष्टींतलं वेगळेपण असं शिकवलं, पण दवाखान्याच्या दारात त्या शब्दाला एकच अर्थ उरतो, तोही गोडच. आग खरंच थांबली होती. पोतं गेलं, वन्संना झोप लागायला लागली. मला तर वाटलं, खरी गोळी आपल्याच वाट्याला आली.

त्यानंतरच्या खेपेची गोष्ट. सकाळी वन्सं अंघोळ करून देवापाशी गेल्या. मी चहा ठेवायला आले, तर पांढऱ्या फरशीवर न्हाणीपासून देवघरापर्यंत लाल ठिपके.

"वन्सं, हे काय?"

त्यांनी वळून पाहिलं. "कुंकू सांडलं का काय गं?"

"कुंकू नाही, रक्त आहे! तुमचं!"

"माझं? छ्या. मला कुठं काय झालंय?"

त्यांना पाटावर बसवून मी पाय मांडीवर घेतला. उजव्या अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा मोडलेला, भोवतीचं मांस काळपट, आणि वास. चपलेचा तळ बघितला तर त्यालाही भोक. हा काटा पायात घेऊन बाई शेळ्यांमागं फिरल्या होत्या, एसटीतून आल्या होत्या, माझ्या घरात वावरत होत्या. आणि त्या मलाच सांगतायत, "बाई, तू उगा घाबरतीस. दुखतबिखत काई नाय. बघ की, केवढा फरक हाय!"

त्या दिवशी साखरेच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, हसणं विसरून स्वतःच आम्हाला सर्जनकडं घेऊन गेले. सर्जन मितभाषी. काटा काढला, जखम साफ केली. वन्सं छताचा पंखा बघत होत्या. मग सर्जन म्हणाले, "आजी, डोळे मिटा. मी पायाला टेकवलं की कळतंय का तेवढं सांगा." त्यांच्या हातात केसासारखी बारीक तार होती.

"आता?"

"व्हय."

"आता?"

"व्हय, व्हय."

तिसऱ्यांदा त्यांनी तार टेकवलीच नाही. हात हवेत. "आता?"

"व्हय की!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वन्सं, अहो, त्यांनी हातसुद्धा लावलेला नाही!"

वन्संनी डोळे उघडले, आधी माझ्याकडं आणि मग डॉक्टरांकडं बघितलं, आणि ओशाळून म्हणाल्या, "एवढा चांगला डाक्टर, इतक्या पिरमानं इचारतोय. घडीघडी नाय कसं म्हणावं माणसाला?"

इतकी वर्षं मी शाळेत मुलांना हेच तर शिकवलं, मोठ्यांना तोंडावर नाही म्हणू नये.

सर्जननी बाहेर बोलावून सांगितलं की आग थांबली ती नसा बऱ्या झाल्या म्हणून की मेल्या म्हणून, ते त्यांना आज सांगता येणार नाही. अंगठा वाचेल का, तेही नाही. आणि काळपटपणा वर सरकला तर प्रश्न अंगठ्याचा राहणार नव्हता, पायाचा होणार होता. वन्संना मी यातलं निम्मंच सांगितलं, पण त्या काय कमी हुशार? "पाय गेला तर मला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवाल," एवढंच म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्यांच्या लेखी ते मरणच होतं. माझ्या तोंडाशी आलेलं 'असं काही नाही' मी गिळलं, कारण आम्ही तेच केलं असतं.

चाचणीतल्या माणसाला इजा झाली की प्रकरण कमिटीपुढं येतं. तसं ते आलं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मी बाहेर जाते. पण जाता जाता मराठीच्या मास्तरणीचं एक ऐका. तुम्ही फरक विचारता तेव्हा आमची माणसं तुमचं मन राखतात. तो प्रश्न नाही, तो रामराम आहे."

बाहेर बाकावर बसले, तर आतले आवाज इतके चढलेले की नियम पाळूनही कानावर यायचंच. सर्जन म्हणत होते, काटा गोळीनं टोचला नाही हे मान्य, पण चपला काढून पाय कुणी बघितला? साखरेचे डॉक्टर म्हणाले, "पाय बघायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण ज्या बाईला आगीनं झोप नव्हती, तिला झोप लागली. हा फरक नाही? दुखणं कमी करायचंच नाही का आम्ही?" मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या, बरं वाटणं आणि बरं आहे म्हणणं या दोन गोष्टी आहेत. मला बाकावर बसून राग यायला हवा होता, साखरेच्या डॉक्टरांचा तरी. आला नाही. ते पोतं मी पाहिलं होतं. आणि ते ठिपकेही. दोघंही खरं बोलत होते, आणि या दोन्ही खऱ्यांच्या मध्ये आमच्या वन्संचा पाय होता.

शेवटी ठरलं की दर खेपेला प्रत्येक पेशंटच्या चपला उतरवून तळपाय बघायचे, तारेनं तपासायचे आणि मगच आगीचं विचारायचं. कुणाला खरी गोळी होती आणि कुणाला खोटी, ते चाचणी संपल्यावर उघडेल. वन्संची कुठली, मला अजून माहीत नाही.

जखमेच्या पट्ट्या बदलण्यापुरत्या वन्सं आमच्याकडं राहिल्या. दुपारी जेवणं झाली की मी त्यांना डोळे मिटायला लावायची आणि देवाच्या वातीचा कापूस घेऊन पायाशी बसायची. "वन्सं, मला खूश करायचं नाही. कळलं नाही तर नाय म्हणायचं." सुरुवातीला सगळं व्हयच. मी चिडायची, त्या हसायच्या. मग एकदा अंगठ्याला कापूस लावला आणि विचारलं, "आता?"

"नाय," त्या हळूच म्हणाल्या. आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. बोटं, नाय. चवडा, नाय. टाचेच्या वर घोट्यापाशी आले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "व्हय! हितं गुदगुली व्हतीय!"

जखम भरली. अंगठा राहिला. वन्सं गावी परत गेल्या. आता रानात जाताना बंद बूट घालतात, आणि रोज संध्याकाळी शेजारणीला तळपाय दाखवतात. शेजारीण म्हणे आधी लाजायची.

परवाच्या तपासणीला मी सोबत होते. खोलीत शिरल्या शिरल्या साखरेच्या डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं निघालंच, "काय आजी, फरक?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

वन्सं हसल्या नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी बूट काढला, पाय पुढं केला आणि म्हणाल्या, "तुमीच बगा डाक्टर. आंगठा जाग्यावर हाय. पर मला त्याची खबर नाय."