वेगळी दावण

लता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते. "मावशी, पहाटे गेली... हृदयाची झडप निकामी झाली होती," भाचेजावई म्हणाले. मी गायीपुढं वैरण टाकली आणि मगच बसले.

लता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गुरांची डॉक्टर झाली आणि पुढं गुरांचे रोग माणसांत कसे येतात ते शोधायच्या कामाला लागली. राहायला शहरात, पुंडलिकनगरला. पण पिशोरकडं गुरांचं रक्त तपासायला आली की मुक्काम आमच्या घरी. गायीचं रक्त काढून झालं की मालकाला विचारायची, "काका, संध्याकाळचा ताप येतो का? सांधे धरतात का?" म्हातारे हसायचे. "बाई, तू ढोराची डॉक्टर का आमची?" ती म्हणायची, "तुमच्यात अन् ढोरात मला लई फरक दिसत नाय." ज्या रोगाच्या मागं ती होती त्याला ब्रुसेला म्हणतात. गाय गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू टाकते, चार दिवसांत पुन्हा ठणठणीत दिसते, आणि रोग तिच्या दुधात, वारेत बसून राहतो. आजारी दिसणाऱ्या गायीचं मला भय नाही, असं ती म्हणायची. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

एका पोळ्याला ती सुट्टीवर आली आणि आमचीच गाय गाभडली. वार आत अडकली. सुट्टी म्हणून हातमोजे आणले नव्हते. "गावभर सांगत फिरतीस ना, उघडा हात घालू नका म्हणून?" मी म्हणाले. "गाय मरंल, मावशी," म्हणत तिनं कोपरापर्यंत हात घातला. ती हात धुवायला गेली तेवढ्यात माझ्या मुलानं, बबननं, वार पोत्यात बांधून वडाला टांगली. वडाला चीक असतो, त्याला वार बांधली की गाय दुधाला येते, अशी आमच्याकडं रीत. लता धावत गेली. खाली कुत्री जमून वर बघत होती. पोतं ठिबकत होतं. तिनं ते स्वतः ओढून काढलं, ठिबकणारं रक्तपाणी तिच्या अंगावर आलं, आणि खड्डा करून चुना टाकून पुरलं. बबन चिडला. "आता गाय आटली तर दूध तू देणार का?"

तपासणीत गाय रोगी निघाली. बबन तिला बाजारात न्यायला निघाला. "कापायची नाय, विकायची नाय, दूध घालायचं नाय. मग पुजू का हिला?" लता माझ्याकडं वळली. "मावशी, हा रोग ह्या दावणीवरच संपू दे. दुसऱ्याच्या दारात जाऊ देऊ नको." मी गायीला बांधायला घरामागं लिंबाखाली वेगळी दावण केली.

तोवर लताला ताप येऊ लागला होता. शहरातले डॉक्टर टायफॉइड म्हणत राहिले. शेवटी तिनंच सांगून रक्त तपासायला लावलं. गोळ्या बरेच दिवस घ्यायच्या होत्या, त्या फिरतीच्या नादात तिनं मध्येच सोडल्या, आणि रोग आतल्या आत हृदयापर्यंत गेला. लोकांना सांगितलं ते स्वतः पाळलं नाही. मेलं म्हणून माणूस शहाणं ठरत नाही. दहाव्याला एकीनं हळूच विचारलं, "तुमच्याच गायीपायी झालं म्हणतात..." मी "व्हय" म्हणाले.

आणि गेल्या आठवड्यात ती गाय व्यायली. बबननं तिला वळूकडं कधी नेली ते मला पोट दिसल्यावर कळलं. या वेळी गाभडली नाही. वासरू गुटगुटीत, कास भरलेली. सकाळीच शेजारची सुमन पातेलं घेऊन आली. व्यायलेल्या गायीचा चीक खरवसाला शेजारी वाटायचाच असतो.

"हिचा चीक वाटायचा नाय," मी म्हणाले.

"अवो आत्याबाई, उकडल्यावर काय राहतंय त्यात?"

"उकडायच्या आधी हात बुडवशील. पोरं बोट चाटतील."

"भाचीनं मरून पण धाक ठेवलाय तुमच्यावर!" सुमन हसली. पातेलं रिकामं घेऊन गेली, पण जाताना दारात उभ्या बबनकडं बघून गेली.

मी हाताला पिशव्या बांधून चीक काढला आणि घरामागं खणलेल्या खड्ड्यात ओतला. चुना आणायला आत वळले, तेवढ्यात गावातलं एक कुत्रं काठावरून आत तोंड घालून उभं. मी दगड मारला. ते पळालं, जिभेनं तोंड चाटत... थेट सुमनच्या अंगणात गेलं.