फाटकाबाहेरची हजेरी

अकोल्यात शिक्षक असताना माझ्या शाळेच्या वाटेवर कापडगिरणी लागायची. सकाळचा भोंगा झाला की एक बाई भाकरीचं फडकं घेऊन फाटकाबाहेर बसायची. संध्याकाळी परततानाही ती तिथेच असायची. मुकादमाने तिला नुसतं तोंडी सांगून कामावरून काढलं होतं, असं पानवाल्याने सांगितलं.

एकदा न राहवून मी विचारलं, "रोज उन्हात कशाला बसता, बाई?"

पदर सावरत ती म्हणाली, "घरी बसली तं हे गिरनीवाले म्हनतीन, इनं सोताच काम सोडलं. मंग कोर्टात मी काय सांगू, गुरुजी?"

पुढे कामगार कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं. कामाच्या पहिल्या संध्याकाळी ती बायांच्या घोळक्यात फाटकातून बाहेर आली. दिवसभराच्या कामाने पाठ धरली म्हणून, नोकरीवरच्या माणसाच्या हक्काने, मुकादमाला शिव्या घालत होती.